बर्फावरचा घाम

बुर्गलच्या हातची थप्पड खाल्ली नाही असा बाप्या हिंटरगांडमध्ये शोधून सापडला नसता. सापडलाच असता तर तो पाद्री, आणि त्याच्यावरही तिने एकदा बिअरचा मग उगारला होता. गावातली एकुलती खाणावळ तिची. नावाला खाणावळ, कारण तिथे घासांपेक्षा घोटच जास्त घशाखाली जायचे. रविवारची प्रार्थना सुटली की अर्धं गाव चर्चमधून थेट तिच्या बाकांवर येऊन बसायचं, आणि दुपार कलायच्या आत त्यातल्या दोघा-तिघांची जुंपलेली असायची. बुर्गल भांडण सोडवायला जायची नाही. ती स्वयंपाकघरातून लाकडी डाव घेऊन यायची आणि दोन्ही पक्षांना सारखंच बडवायची.

"खरं कोण, खोटं कोण, ते देव बघेल," म्हणायची. "बाक माझं आहे."

तिला बोल लावण्यात अर्थ नाही. ती वाढलीच तशी. टिरोलच्या त्या डोंगरांत तेव्हा शिकारीचा हक्क जहागीरदाराचा होता आणि भूक गावाची. तिचा बाप तोंडाला काजळी फासून कड्यांवर चढायचा आणि चोरून गाम्स मारून आणायचा. गाम्स म्हणजे आकड्यासारख्या शिंगांची रानबकरी, उभ्या कड्यावर पळते आणि मागे वळून माणसाला हसते. एका पहाटे रखवालदाराने बापाला पाठीत गोळी घातली. माणसं एकमेकांना मारतात याचं तिथे कुणाला फार नवल नाही. पण पाठीत गोळी घालणाऱ्याचं नाव त्या गावात पुढे कुणी आपल्या पोराला ठेवत नाही. त्या रखवालदाराचं नाव गावातून पार पुसलं गेलं. बापाची बंदूक मात्र बुर्गलने गवताच्या गंजीत लपवून ठेवली, आणि हात पुरायला लागले तशी चालवायलाही शिकली.

बापाच्या वेळी डोंगराच्या कण्याच्या पलीकडचा उतारही आपलाच होता. मग आपण पहिलं महायुद्ध हरलो, आणि कुणीतरी लांबच्या शहरात बसून डोंगराच्या माथ्यावरून रेघ ओढली. एका दिवसात बुर्गलच्या मावशीची गुरं इटलीत चरायला लागली. गाम्सना कुणी कळवलंच नाही, त्यामुळे त्या सकाळी परदेशात चरायच्या आणि दुपारी घरी येऊन रवंथ करायच्या. हिंटरगांडच्या माणसांनी तोच धडा घेतला. चांगले नर पलीकडच्या कढईत असायचे. चहूबाजूंनी कडे आणि मध्ये खोलगट कुरण, म्हणून ती कढई. तेव्हा या गावात परदेशी शिकारीला जाणं म्हणजे पहाटे भाकरतुकडा बांधून निघायचं आणि सरहद्दीच्या शिपायाला चुकवायचं.

बुर्गलचा नवरा लोइस. जत्रेतल्या कुस्तीत मानाचा मेंढा वर्षानुवर्षं त्याच्याच घरी यायचा. अनवाणी, जाड पांढऱ्या सदऱ्यातले ते गडी एकमेकांना गवतावर आपटायचे तेव्हा बरगड्यांचा आवाज शेवटच्या रांगेत ऐकू यायचा. शेवटची कुस्ती ठरलेली असायची, लोइस आणि त्याचा जिवलग दोस्त हियास. आणि चीत होणाराही ठरलेला असायचा. हियास दर साली तोंडातलं रक्त थुंकून हसायचा आणि लोइसला खांद्यावर घेऊन नाचायचा. बुर्गललाही त्यानेच आधी मागणी घातली होती. तिने हातातला मग त्याच्या कपाळावर फोडला. भुवईवरचा तो व्रण दाखवून तो म्हणायचा, "हे बघा, बुर्गलचं प्रेमपत्र. माझ्याकडे एवढंच आलं."

लोइस आणि बुर्गलचं भांडण झालं की खिडकीतून थाळ्या बाहेर पडायच्या. तरी तिचं त्याच्यावर असं प्रेम होतं की तो डोंगरावर गेला की तिला अन्न गोड लागायचं नाही. हे तिने त्याला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

एका शरदात, पहिला बर्फ पडल्यावर, लोइस आणि हियास पलीकडे गेले. दुसऱ्या दिवशी हियास एकटा चालत आला आणि लोइस त्याच्या पाठीवर होता. खाणावळीच्या लांब मेजावर त्याने त्याला उतरवलं. गोळी पाठीतून शिरून छातीतून बाहेर आली होती.

"धुकं होतं," हियास म्हणाला. "आम्ही पांगलो होतो. खाली तपकिरी पाठ हलली. गाम्स वाटला. रिवाजाप्रमाणे पाइप ओढला आणि मग मागावर उतरलो..."

गोळी लागलेल्या जनावरामागे लगेच धावायचं नाही, हा तिथला रिवाज आहे. धावलं तर ते उरल्या बळाने पळतं आणि कुठल्यातरी कपारीत जाऊन मरतं. एक पाइप ओढायचा, तेवढ्यात ते जागीच बसतं आणि संपतं. मेजाभोवती उभ्या असलेल्या प्रत्येकाने तसे पाइप ओढले होते. सगळ्यांनी माना हलवल्या. बुर्गलने मात्र मुठी वळल्या आणि हियासला मारायला सुरुवात केली. त्याचं नाक फुटलं, दात हलला, तरी तो हात खाली सोडून उभा राहिला. गाव म्हणालं, बघा, बिचाऱ्याच्या जिवाला किती लागलंय. पोलीस आला आणि अपघात लिहून गेला.

त्यानंतर हियास रोज यायचा. लाकडं फोडायचा, बिअरची पिंपं उतरवायचा, दंगा करणाऱ्यांना गचांडी धरून बाहेर फेकायचा. बुर्गल त्याच्याशी वर्षभर बोलली नाही. मग शिव्या घालायला लागली. मग एक दिवस ताट वाढलं. मध्ये दुसरं महायुद्ध आलं आणि गावातली निम्मी माणसं खाऊन गेलं, हियास मात्र एक बोट गमावून परत आला. केस पिकायला लागल्यावर त्याने पुन्हा विचारलं, आणि या खेपेला तिने मग फोडला नाही. एकट्या बाईला कंटाळा येतो, त्यात लाजायचं काय? लग्न नोव्हेंबरातल्या मार्टिनच्या सणाला ठरलं.

आता नवऱ्या मुलाच्या टोपीला गाम्सच्या पाठीच्या केसांचा तुरा हवा. विकतचा तुरा लावणं म्हणजे उसनी मिशी लावण्यासारखं. तेव्हा शिकार आली. पलीकडे राहणारा बुर्गलचा मावसभाऊ आल्बुइन आता तिकडच्या शिकारीचा रीतसर हक्कदार होता. तो रविवारी मुद्दाम खिंड उतरून आला.

"या खेपेला चोरून नको," आल्बुइन म्हणाला. "पाहुण्यासारखे या. कागद मी केलाय."

"कागद घेऊन शिकार?" किलियानबाबा म्हणाला. "शी! मग मटणाला चव कसली येणार?" किलियानबाबा गावातला सगळ्यात जुना शिकारी. गुडघे गेले होते, पण त्याच्याशिवाय कुठल्याच शिकारीचा बेत ठरायचा नाही.

बेत मेजावर मांडला गेला. हियासने पाव मध्ये ठेवला. "ही खिंड." शेजारी सुरी आडवी ठेवली. "ही सरहद्द."

"तिला धार लाव की," किलियानबाबा म्हणाला. "त्या सरहद्दीने लोणीसुद्धा कापलं जात नाही."

"नरच टिपायचा हं," आल्बुइन म्हणाला. "गेल्या साली एका शहरी साहेबाने मादी पाडली. मागे पिल्लू ओरडतंय. मला म्हणतो, शिंगं तर दोघांनाही असतात, मग ओळखायचं कसं? म्हटलं, साहेब, थांबायचं. मुतताना कळतं."

मेज हसून हादरलं. बुर्गल फळीपाशी खारवलेलं मांस कापत होती, तीही हसली. किती वर्षांनी या मेजावर परदेशच्या शिकारीचा बेत चालला होता आणि ती उठून आत गेली नव्हती. आपण सुखी होणार आहोत, असं तिला त्या क्षणी खरोखर वाटलं.

हियास रंगात आला होता. त्याने आंबट चीजचा वाडगा पुढे ओढला. "ही कढई. आल्बुइन खालून गाम्स उठवेल. मी इथे, वरच्या दगडावर. त्या खेपेला तिथेच बसलो होतो ना मी, जागा झकास आहे. पाइप पेटवला की सगळी कढई पायाखाली. बसल्या जागेवरून दिसत होतं मला, बर्फावर रक्त पसरत—"

"रक्त!" आल्बुइन ओरडला आणि मेजावर मूठ आपटली. "रक्त म्हणाला! दंड! दंड!"

शिकाऱ्यांच्या तोंडी भाषा वेगळी असते. जनावराचे डोळे म्हणजे दिवे, आणि रानातल्या जनावराला रक्त नसतंच, घाम असतो. बर्फावर लाल थेंब दिसले तर घाम दिसला म्हणायचं. पाळण्यातून उतरल्यापासून पोरं हेच शिकतात. ज्याची जीभ घसरेल त्याला पालथं पाडून शिकारीच्या रुंद सुऱ्याच्या पात्याने ढुंगणावर तीन फटके.

"अरे गाढवा," किलियानबाबाला हसून खोकला आला. "जनावराचा तो घाम. रक्त असतं माणसाला, नाहीतर घरच्या डुकराला. कढईत काय डुक्कर चरत होतं?"

सगळे खिदळले. हियासही हसला, पण जरा उशिराने. चौघांनी त्याला उचलून बाकावर पालथं घातलं.

बुर्गलच्या हातातली सुरी मांसात अर्धी जाऊन थांबली होती. घरच्या डुकराला, नाहीतर माणसाला. दगडावर बसून पाइप ओढणाऱ्या हियासला खाली गाम्स पडलाय असं वाटत असतं, तर त्याला घाम दिसला असता. त्याच्या जिभेवर दुसरा शब्द आलाच नसता, उभ्या जन्मात आला नव्हता. त्याला रक्त दिसलं, कारण खाली माणूस आहे हे त्याला ठाऊक होतं. आणि ठाऊक असून तो पाइप संपेपर्यंत बसला होता.

पहिला फटका किलियानबाबाने मारला. "बोल, काय दिसलं?"

"घाम!" हियास हसत ओरडला.

दुसरा आल्बुइनने. "काय दिसलं?"

"घाम, बाबांनो, घाम!"

"तिसरा मालकिणीचा!" कुणीतरी म्हणालं. "मार गं बुर्गल, लग्नाआधी हात साफ करून घे!"

तिने सुरा घेतला. बाकापाशी गेली. आवाज न चढवता तिने विचारलं, "त्या दिवशी बर्फावर काय दिसलं, हियास?"

हियासने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तिथेच राहिलं आणि डोळ्यांतून मात्र गेलं.  मग तो पुटपुटला, "घाम."

तिने हात उचलला. सुऱ्याची धार खाली करावी असं तिच्या मनात आलं, आणि तिने पातं आडवंच ठेवलं. पण फटका असा बसला की चामड्याच्या चड्डीची शिवण फाटली आणि हियासच्या तोंडून जनावराचा आवाज निघाला. लोकांनी टाळ्या पिटल्या.

"गुरुवारच्या शिकारीला मीही येते," बुर्गल म्हणाली.

"घ्या! आत्तापासून नवऱ्यावर पहारा!" आल्बुइन म्हणाला.

"येऊ दे," हियास म्हणाला. तो बाकाला धरून उभा राहत होता. "तिचा नेम माझ्यापेक्षा चांगला आहे."

किलियानबाबा मात्र हसत नव्हता. त्याचा पाइप विझला होता आणि तो तसाच चोखत बसला होता. सगळे निघाल्यावर तो दारात थांबला.

"बुर्गल, कढईत धुकं असतं."

"ठाऊक आहे, बाबा."

"धुक्यात माणसाची चूक होते."

"एकदा झाली म्हणतात," बुर्गल म्हणाली आणि दार लावलं.

मधल्या दिवसांत तिने लग्नाचं डुक्कर कापलं. एरवी दोन गडी लागायचे. या खेपेला तिने एकटीने त्याला गुडघ्याखाली दाबलं, सुरी गळ्यात खुपसली आणि भांड्यात पडणारं गरम रक्त हाताने ढवळत राहिली. हात कोपरापर्यंत लाल झाले होते. लोइसला मेजावरून धुताना झाले होते तसेच. तिला रडू येत नव्हतं. तिला फक्त चीड येत होती, आणि ती हियासपेक्षा स्वतःची जास्त. त्या माणसाला तिने ताट वाढलं होतं.

गुरुवारी दोघं चढले. आल्बुइन पलीकडून कढईच्या तळाशी येणार होता. हियास पुढे, बुर्गल मागे, दोघांच्या खांद्याला बंदुका. खिंडीतला सरहद्दीचा दगड आला तशी हियासने त्याला नेहमीसारखी लाथ मारली. "आलो परदेशात," तो म्हणाला.  वरच्या दगडापाशी पोचेपर्यंत धुकं कढईतून उकळून वर यायला लागलं होतं.

हियासनेच तोंड उघडलं. तिच्याकडे पाठ करून तो खाली बघत होता.

"विचार. रविवारपासून विचारायचंय तुला."

"तू पाइप ओढत होतास तेव्हा तो जिवंत होता?"

"होता."

"काही बोलला?"

"हाका मारत होता."

"कुणाला?"

हियासने एक बोट नसलेल्या हाताने तोंड पुसलं. "मला. हियास, हियास म्हणत होता. त्याला वाटलं, रखवालदाराने मारलं. मी वर आहे, मी येईन, असं वाटलं त्याला."

बुर्गलने खांद्यावरची बंदूक हातात घेतली. 

"दर साली, बुर्गल," हियास म्हणाला.  "दर साली मी चीत. मेंढा त्याचा, तू त्याची, घर त्याचं, आणि मी त्याला खांद्यावर घेऊन नाचायचं! त्या दिवशी नरसुद्धा त्यानेच पाडला. मला म्हणाला, तू उचल. मी त्याच्या मागे उतरत होतो आणि त्याची पाठ दिसत होती. बस, एवढंच. नंतर तुझ्या दारात आयुष्य घासलं मी. युद्धात मेलो असतो तर बरं झालं असतं असं रोज वाटलं. त्याचं काही नाही?"

"आहे," बुर्गल म्हणाली. "म्हणून तर पाठीत घालत नाहीये. वळ."

तो वळला. त्याचा हात बंदुकीच्या पट्ट्याकडे गेला. पट्टा सरळ करायला गेला की बंदूक काढायला, हे बघत बुर्गल थांबली नाही. बार कड्यांवर आपटत फिरला. हियास दगडावरून मागे गेला, उतारावर दोनदा आपटला आणि खाली बर्फात पडला. गोळी छातीत लागली होती, पण तो मेला नव्हता. धुक्यातून त्याची हाक आली.

"बुर्गल... बुर्गल..."

ती दगडावर बसली. पाइप ती ओढत नव्हती. तिने पिशवीतून पाव काढला, वर खारवलेल्या मांसाची चकती ठेवली आणि खायला लागली. हाक दर वेळी जरा लहान होत होती. घास कोरडा होता, तरी तिने शेवटचा तुकडासुद्धा चावून संपवला. मग तिला जाणवलं की मघापासून आपण मोठ्याने रडतोय. हियाससाठी की लोइससाठी, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. सगळं शांत झाल्यावर ती उठली आणि उतरली.

आल्बुइन बार ऐकून वर आला तेव्हा तिने हियासला पाठीवर बांधलं होतं. तो मदतीला पुढे झाला, पण तिने त्याला हात लावू दिला नाही. चढणीवर उचलून, उतारावर ओढून, तिने त्याला खिंडीतून आपल्या बाजूला आणलं. संध्याकाळ व्हायच्या बेताला खाणावळीचं दार पायाने ढकललं आणि त्याच लांब मेजावर त्याला उतरवलं. गाव गोळा झालं. पोलीस आला, या खेपेला दुसरा, नवा, मैदानी मुलुखातला. त्याने टोपी काढून विचारलं, "काय झालं?"

"धुकं होतं," बुर्गल म्हणाली. "आम्ही पांगलो होतो. खाली तपकिरी काहीतरी हललं. गाम्स वाटला."

पोलिसाने मेजाभोवतीच्या माणसांकडे पाहिलं. कुणी मान हलवेना. सगळे किलियानबाबाकडे बघत होते. म्हातारा काठी टेकत मेजापर्यंत आला. हियासच्या छातीवरची जखम त्याने नीट बघितली. गोळी समोरून शिरली होती. मग त्याने बुर्गलकडे पाहिलं.

"लगेच धावलीस मागे?"

"नाही, बाबा. रिवाजाप्रमाणे बसले. पाव खाल्ला. मग उतरले."

"आणि मागावर काय दिसलं?"

 बुर्गलचे हात कोपरापर्यंत माखले होते. ते तिने लपवले नाहीत.

"घाम," ती म्हणाली.

किलियानबाबाने मान डोलावली आणि पोलिसाकडे वळला.

"शब्द बरोबर आहे," तो म्हणाला. "हिला दंड नाही."